जागा सोडू नका

एस.टी. स्टँडच्या मागे कुंपणाची एक लांब भिंत आहे. कामावर जायला मला तिच्या कडेचा रस्ता जवळचा पडतो, पण गेली काही वर्षं मी सात रस्ता चौकाकडून वळसा घालून जातो. कुणी विचारलं तर गर्दी चुकवतो म्हणून सांगतो. खरी गर्दी सात रस्त्यालाच असते, आणि सोलापुरातल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. त्यामुळे विचारणारा माझ्याकडे क्षणभर बघतो आणि विषय सोडून देतो.

त्या भिंतीपाशी मी एका बाईला बसवलं होतं. 'बसवलं होतं' हेच म्हणणं बरोबर आहे. ती आपण होऊन तिथे बसली नव्हती.

मी शहरातल्या एका रुग्णालयात समाजसेवा विभागात काम करतो. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण यात चूक त्याची नव्हती. ज्यांच्याकडे उपचाराला पैसे नाहीत त्यांना एखाद्या योजनेत बसवायचं, बेवारस आलेल्यांचं गाव शोधायचं आणि ज्यांना डिस्चार्ज मिळाला पण जायला घर नाही त्यांची सोय लावायची, असं माझं काम. यातलं शेवटचं सगळ्यांत अवघड. बरा झालेला माणूस कॉटवर बसून असतो, खाली जमिनीवर नवीन पेशंट झोपलेला असतो, आणि डॉक्टर राउंड संपता संपता मला म्हणतात, "यांचं बघा." मग मी फोन करत सुटतो. पुतण्या, गावचा पोलीस पाटील, वृद्धाश्रम, महापालिकेचं बेघरांसाठीचं निवारा केंद्र. कुणीतरी 'पाठवा' म्हणेपर्यंत फोन चालू राहतात. 'पाठवा' ऐकलं की मी मोकळा. पाठवलेला माणूस पोचला का, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. तोवर पुढचं 'यांचं बघा' आलेलं असायचं.

ही बाई मात्र पेशंट नव्हती. सात रस्त्याजवळच्या एका फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या आजींकडे ती रात्रंदिवस राहणारी बाई होती. आजींना उठवणं, बसवणं, अंघोळ घालणं, कूस बदलणं हे ती सात-आठ वर्षं करत होती. आजींच्या आधी दुसऱ्या एका घरी कुणी आजोबा होते, त्यांच्या आधी आणखी कुणी. नवरा तरुणपणीच गेला होता, मूलबाळ नव्हतं. करकंबकडची. ज्यांच्या घरी काम, त्यांच्याच घरी अंथरूण, असं तिचं आयुष्य गेलं होतं. स्वतःच्या नावाची खोली तिला कधी लागली नव्हती, कारण एक म्हातारं माणूस गेलं की दुसरं कुणीतरी तिचं नाव काढत यायचंच.

आजी आमच्याकडे न्यूमोनियाने दाखल झाल्या तेव्हा हीच बरोबर आली. आजींचा मुलगा पुण्याला. कागदावर सही कुणी करायची, असा प्रश्न आला. दाखल करून घेणाऱ्या क्लार्कने नातं विचारलं, तर ती म्हणाली, "मुलगीच लिवा की." त्याने लिहिलं. पुढे वॉर्डात सगळ्यांना खरं कळलं, पण कुणी ते खोडायला गेलं नाही. वॉर्डातल्या आयांनाही मावशीच म्हणतात, म्हणून हिला सगळे आजीवाल्या मावशी म्हणायचे.

आजी वाचल्या नाहीत. मुलगा आला, बॉडी घेऊन गेला, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कागदपत्रं न्यायला पुन्हा आला. भला माणूस होता. त्याने मावशींना वाकून नमस्कार केला, एक साडी दिली आणि म्हणाला, तुमचे उपकार फिटणार नाहीत. फ्लॅट बंद केला होता. मावशींची पत्र्याची पेटी त्याने स्वतः रिक्षातून आणून दिली होती. ती पेटी उतरवून तो गेला, आणि आता ही बाई कुठे जाईल, हे त्याच्या मनात आलं नसावं. माझ्याही मनात त्या वेळी आलं नाही, हे कबूल करतो. मी तेव्हा तिथेच उभा होतो.

मावशी वॉर्डातच राहिल्या. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आमच्याकडे प्रत्येक कॉटखाली कुणीतरी झोपलेलं असतंच. त्या आज एका कॉटखाली, उद्या दुसऱ्या. ज्या पेशंटचं कुणी नसेल त्याला भरवायच्या, बेडपॅन द्यायच्या, रात्री सलाइन संपत आली की सिस्टरला उठवायच्या. कोपऱ्यातल्या कॉटवरचा एक ट्रक ड्रायव्हर पाय मोडून पडला होता. तो त्यांना चिडवायचा.

"मावशी, आमच्या कॉटखालचं भाडं थकलंय बरं का."

"तू घोरायचा थांब, मग भाडं माग," मावशी म्हणायच्या. "तुझ्या घोरन्यानं खालची फरशी हालती."

सगळा वॉर्ड हसायचा. मीही एकदा हसलेला आठवतो.

मे महिना लागला तसा पेशंटचा लोंढा वाढला. वॉर्डात पाय ठेवायला जागा उरेना. वरून सूचना आली की पेशंटमागे एकच नातेवाईक, बाकीच्यांना बाहेर काढा. सुरक्षारक्षक एकेकाचा पास बघत आला आणि मावशींपाशी थांबला. पास आजींच्या नावाचा होता. वॉर्डच्या सिस्टर त्याला म्हणाल्या, राहू दे रे त्यांना. तो म्हणाला, मॅडम, माझी नोकरी जाईल. ते खरंही होतं. मग सिस्टरांनी मला बोलावलं.

"साहेब, यांचं बघा," त्या म्हणाल्या. "आणि बघतो-बघतो करू नका. ही बाई आमची अर्धी ड्यूटी करते."

मी मावशींना माझ्या खोलीत खुर्चीवर बसवलं. त्या खुर्चीच्या अगदी कडेला टेकल्या, पेटी पायाशी. मी आधी गावाकडे फोन लावला. भावाचा मुलगा होता, ऊसतोड नुकतीच संपली म्हणून घरी सापडला. त्याचं बोलणं गोड होतं. आत्याला कोण नाही म्हणतंय, म्हणाला, दिवाळीला येऊ द्या की, चार दिस राहू द्या की. मी म्हटलं, कायमचं. मग तो घरात किती माणसं आहेत आणि खोल्या किती आहेत ते सांगू लागला. फोन स्पीकरवर होता. मावशी खिडकीकडे बघत होत्या. मी फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "त्येचं बी खरं हाय." वृद्धाश्रमाला विचारलं, तर त्यांना जबाबदारी घेणाऱ्या नातेवाइकाची सही हवी होती.

राहिलं निवारा केंद्र. इथे मला आमच्या कामातली एक वहिवाट सांगावी लागेल, कारण सगळं तिच्यावरच फिरलं.

मी नोकरीला लागलो तेव्हा माझ्या जागी आधी असलेल्या गृहस्थांनी मला काम शिकवलं होतं. निवारा केंद्र रुग्णालयातून थेट माणूस घेत नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. दवाखान्याला छप्पर आहे, मग छपराखाली असलेला माणूस बेघर कसा, असा त्या वेळच्या व्यवस्थापकांचा सवाल असायचा. मग आमच्या या गृहस्थांनी एक युक्ती काढली. केंद्राची गाडी रात्री शहरात फिरते आणि उघड्यावर झोपलेल्यांना उचलून नेते. स्टँडच्या मागची भिंत हा तिचा ठरलेला थांबा. तेव्हा आपल्या माणसाला संध्याकाळी त्या भिंतीशी नेऊन बसवायचं. गाडी येते, माणूस रस्त्यावर सापडतो, केंद्रात जातो. दोन गोष्टी तेवढ्या बजावायच्या: दवाखान्यातून आलो म्हणायचं नाही, आणि जागा सोडायची नाही. एकदा एक म्हातारा लघवीला म्हणून उठला आणि तेवढ्यात गाडी येऊन गेली. तेव्हापासून 'जागा सोडू नका' हे सांगायचंच.

मी या वाटेने बऱ्याच जणांना पाठवलं होतं. सगळे पोचले असं मी धरून चाललो होतो, कारण परत कुणी आलं नव्हतं. आता वाटतं, परत न आलेल्या माणसांचा अर्थ मी फार सोयीने लावला.

मावशींना मी हे समजावलं तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हंजे मी रस्त्यावर हाय असं दाखवायचं?"

मी म्हणालो, एका रात्रीपुरतं.

"कुनी वळकीचं बगितलं तर?"

"तिकडे कोण येतंय तुमच्या ओळखीचं," मी म्हणालो. घड्याळाकडेही पाहिलं असेन. दुसऱ्या दिवशी पहाटे मला माळशिरसला जायचं होतं, पुतणीचं लग्न होतं. रजा मंजूर होती, आहेराची खरेदी राहिली होती.

संध्याकाळी मीच त्यांना रिक्षाने घेऊन गेलो. भिंतीच्या कडेला एक रसवंती होती. तिच्या पलीकडे, विजेच्या खांबाजवळ मी जागा दाखवली. त्यांनी पदराने फरशी पुसली, पेटी भिंतीला टेकवली आणि मांडी घालून बसल्या. वॉर्डात कॉटशेजारी बसायच्या अगदी तशाच, पाठ ताठ. मी म्हणालो, जागा सोडू नका. त्या म्हणाल्या, "न्हाय सोडत. तुमी जावा, लग्नाची घाई आसंल." लग्नाचं मी त्यांना कधी सांगितलं होतं, ते मला आठवत नाही.

जाता जाता वॉर्डात सिस्टरांना मी सांगितलं की मावशींची सोय झाली.

लग्नात एकदा मला त्यांची आठवण झाली. मांडवात जेवणाच्या पंगती चालल्या होत्या आणि मी बुंदीचं पातेलं घेऊन वाढत होतो. ऊन मी म्हणत होतं. वरातीतला घोडा सावलीला नेऊन बांधला होता आणि कुणीतरी त्याच्यावर पाणी मारत होतं. ते बघताना मनात आलं, केंद्रात एक फोन करावा, पोचल्या का विचारावं. मी पातेलं एका हातात घेऊन खिशातून मोबाइल काढलासुद्धा. तेवढ्यात भाऊ ओरडला, इकडची रांग राहिली. मी मोबाइल परत ठेवला. पुढे सत्यनारायण झाला, पाहुणे पांगले, मी दोन दिवस जास्तीचे राहिलो. भावाच्या उसाला पाणी द्यायला गेलो, विहिरीत पोहलो, दुपारी लिंबाखाली झोपलो. त्या दिवसांतला एकेक आनंद मला आठवतो आणि त्या प्रत्येकाच्या मागे भिंत दिसते.

परतल्यावर सकाळी वॉर्डात गेलो तर सिस्टरांनी थांबवलं. "मावशींचा केंद्रातला नंबर द्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी इथल्या एका पेशंटची सून विचारत आली होती. सासऱ्यांसाठी घरी राहणारी बाई हवी आहे त्यांना. त्यांनी मावशींना इथेच पाहिलं होतं, त्यांना मावशीच हव्यात." मी म्हणालो, लगेच फोन लावतो.

केंद्रात फोन एका बाईंनी उचलला. त्या तिथल्या व्यवस्थापक होत्या, वर्षभरापूर्वी आलेल्या. अशा कुणी मावशी आल्या नाहीत, म्हणाल्या. मी दिवस सांगितला, वर्णन सांगितलं, पत्र्याची पेटी सांगितली. भिंतीपाशी रात्री तुमची गाडी येते ना, असं विचारलं.

"ती गाडी थंडीत फिरते," त्या म्हणाल्या. "माणसं गारठून मरू नयेत म्हणून. उन्हाळ्यात कुणी कळवलं तरच आम्ही जातो. पण तुम्ही त्यांना भिंतीपाशी कशाला बसवलं?"

मी छपराचं सांगितलं.

"दवाखान्यातून आम्ही थेट घेतो," त्या म्हणाल्या. "मी आल्यापासून घेतेय. बाकीच्या दवाखान्यांतून येतात की माणसं. एक फोन करायचा असतो फक्त. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

मला कुणी सांगितलं नव्हतं, हे खरं. मी कुणाला विचारलंही नव्हतं. मी ज्या कुणाला पाठवलं ते बहुतेक दिवाळीनंतर, थंडीच्या महिन्यांतच पाठवलं होतं, हे मला फोन हातात असतानाच उमगलं. युक्ती चालत होती, म्हणून मी ती चालू ठेवली होती. निवारा केंद्र माझ्या खोलीपासून रिक्षाने फार लांब नाही. इतक्या वर्षांत मी तिथे एकदाही पाऊल टाकलं नव्हतं.

मी स्टँडच्या मागे पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. त्या दिवसांत सोलापुरात दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं. लांबून मला खांब दिसला, खांबाशी पेटी दिसली, आणि पेटीला टेकून एक गाठोडं दिसलं. गाठोड्याच्या कडेची साडी ओळखीची वाटली, ती आजींच्या मुलाने दिलेली होती. मावशी ती साडी डोक्यावरून गुरफटून बसल्या होत्या.

रसवंतीवाला माझ्याकडे बघत पुढे आला. "तुम्हीच का ते साहेब?" त्याने विचारलं, आणि मग त्याच्या बोलीत सुटला. "मैं कित्ते बार बोल्या, अम्मा, इधर छाँव में आ के बैठो. नक्को बोलते. साब बोले जगा छोडना नै, बोलते. पानी मैं देतूँ, रस देतूँ, भाकर मेरी घरवाली भेजती. दुकान का पर्दा उधर को तान्या थोडा. पर मैं रात को दुकान बंद कर के जातूँ साब, मेरे कू क्या मालूम रात को क्या."

रात्रीचं मला आजवर काही माहीत नाही. मी कधी विचारू शकलो नाही. माझ्या मनात त्या रात्री मी स्वतःच रचतो, रोज वेगळ्या.

मी खाली बसलो आणि हाक मारली. त्यांनी डोक्यावरची साडी बाजूला केली. चेहरा काळवंडला होता, ओठांच्या साली निघाल्या होत्या. डोळे माझ्यावर यायला वेळ लागला. मला वाटलं, शिव्या देतील. मला त्या हव्याही होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, आता उटू का मी?"

मी उठा म्हणालो, पण त्यांना उठता येईना. गुडघे आखडून गेले होते. रसवंतीवाल्याने आणि मी मिळून त्यांना उचललं. अंग तापलेल्या तव्यासारखं होतं. रिक्षात त्या माझ्या खांद्यावर कलंडल्या आणि त्या अवस्थेतही पेटी घेतली का, हे त्यांनी दोनदा विचारलं.

कॅज्युअल्टीत नेहमीचाच प्रश्न आला. नातेवाईक कोण? क्लार्क तोच होता, मला ओळखत होता. मी म्हणालो, सही मी करतो. "नातं काय लिहू, साहेब?" त्याने विचारलं. त्या बाईने एका परक्या म्हातारीसाठी याच खिडकीत 'मुलगी' लिहायला सांगितलं होतं. मी म्हणालो, "ओळखीचे, असं लिही." त्याने लिहिलं. तो शब्द मी पुढे किती वेळा मनात खोडला असेल.

उष्माघात होता. अंगातलं पाणी आटलं होतं, मूत्रपिंडांवर ताण आला होता. पहिले काही दिवस त्या भ्रमात होत्या. भ्रमातही त्या कामावरच असायच्या. आजींना कूस बदलायला सांगायच्या, कुणाला तरी पाणी घोट घोट पाजा म्हणायच्या. मी दिवसातून चार वेळा वॉर्डात जायचो, कॉटशी उभा राहायचो. सिस्टर माझ्याकडे न बघता ग्लासात पाणी ओतायच्या आणि माझ्या हातात द्यायच्या, म्हणजे मी पाजावं.

ताप उतरला आणि त्या ओळखू लागल्या, तेव्हा मी विचारलं. इतकं ऊन असताना तुम्ही उठून का नाही आलात? दवाखाना तुम्हाला माहीत होता, वॉर्ड माहीत होता.

"तुमीच म्हनला हुता न्हवं, जागा सोडू नगा," त्या म्हणाल्या. बोलताना धाप लागत होती. "म्या म्हनलं, गाडीला उशीर झाला आसंल. आन् गाडी आली, मी न्हाय, म्हंजे तुमची मान खाली. तुमी शबुद टाकला आसंल की माज्यासाटी कुटंतरी."

मी कुठेही शब्द टाकलेला नव्हता. हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही, नंतरही सांगितलं नाही. इथे लिहितो आहे.

त्या वाचल्या. पण हातांना कंप राहिला. पाण्याचा पेला धरला की पाणी हिंदकळून सांडायचं. चालताना भिंतीचा आधार लागायचा. त्या सुनेने वाट पाहून सासऱ्यांसाठी दुसरी बाई ठेवली होती, आणि ठेवली नसती तरी आता मावशींकडून कुणाची कूस बदलून होणार नव्हती. मी त्यांना भिंतीशी बसवलं तेव्हा त्यांच्याकडे घर नव्हतं, पण घर मिळवून देणारे दोन हात होते. दुसऱ्याच दिवशी एक घर त्यांना शोधत आलं होतं. मी जर काहीच केलं नसतं, जर 'उद्या बघू' म्हणून त्यांना एक रात्र आणखी वॉर्डात लपवलं असतं, तर त्या आज कुणाच्या तरी घरी पोळ्या लाटत असत्या. मदत न करणाऱ्या माणसांबद्दल पुष्कळ बोललं जातं. मी मदत केली होती.

डिस्चार्जच्या दिवशी केंद्राच्या व्यवस्थापक स्वतः गाडी घेऊन आल्या. मी बरोबर गेलो. ते केंद्र मी पहिल्यांदा पाहिलं: एका जुन्या शाळेची इमारत, बायकांसाठी वरचा मजला, लोखंडी पलंगांच्या रांगा, प्रत्येक पलंगावर सोलापुरी चादर, कोपऱ्यात पाण्याचा माठ. मावशींना दाराजवळचा पलंग मिळाला. त्यांनी पेटी खाली सरकवली, चादरीवर कापरा हात फिरवला आणि विचारलं, "किती दिस ऱ्हायचं?" व्यवस्थापक म्हणाल्या, तुम्हाला हवे तितके. मावशींना ते खरं वाटलं नसावं. पहिला महिनाभर त्या पेटीतलं सामान बाहेर काढत नव्हत्या, असं मला नंतर कळलं.

माझ्या कामात त्यानंतर बदल झाला. आता मी कुणाला पाठवत नाही, घेऊन जातो, आणि पलंग दाखवेपर्यंत थांबतो. सहकारी म्हणतात, साहेबांचा अर्धा दिवस त्यातच जातो. जातो खरा. पण हे सांगून मला मोठेपणा घ्यायचा नाही, कारण मी ते दयेपोटी करत नाही. रिक्षात शेजारी माणूस बसलेलं असेपर्यंत मला जरा बरं वाटतं. एकटा परतताना प्रत्येक भिंतीशी कुणीतरी बसलेलं दिसतं. जवळ गेल्यावर ते सिमेंटचं पोतं असतं, कधी वाळत घातलेलं घोंगडं असतं. एकदा खरंच एक माणूस होता. मी त्याला विचारलं, तुम्हाला इथे कुणी बसवलं का? तो एस.टी.ची वाट बघत होता, घाबरून उठून गेला.

हे सगळं मी घरी सांगितलं नव्हतं. एका रविवारी बायको म्हणाली, तुम्ही झोपेत कुणाला तरी उठा-उठा म्हणता. मग मी सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. माझी आई जाऊन तेव्हा दीड-दोन वर्षं झाली होती.

"आईंची खोली रिकामीच आहे की," ती म्हणाली.

एवढी साधी गोष्ट. मावशी माझ्या खोलीत खुर्चीच्या कडेला बसून होत्या, मी त्यांच्या भाच्याला आणि वृद्धाश्रमाला फोन लावत होतो, तेव्हाही ती खोली रिकामीच होती. तिथे आम्ही गव्हाच्या कोठ्या आणि जुना कूलर ठेवला होता. त्या दिवशी ती माझ्या यादीत नव्हती. मी यादीत सगळ्यांची घरं धरली होती.

आम्ही खोली मोकळी केली. बायकोने भिंतींना चुना दिला, खिडकीला नवा पडदा लावला. मग आम्ही दोघं केंद्रात गेलो. मावशी खालच्या मजल्यावर ओट्यावर बसून दुसऱ्या एका बाईची वेणी घालत होत्या. हात कापत होते, त्यामुळे वेणी वाकडी होत होती आणि ती बाई कुरकुरत होती. मावशी तिला म्हणाल्या, "गप बस, तुला काय बोहल्यावर चडायचंय?" आम्हाला बघून त्या हसल्या. बायकोने त्यांच्या पाया पडून सांगितलं की आम्ही तुम्हाला घरी न्यायला आलो आहोत. काम काही करायचं नाही, नुसतं राहायचं.

हसू हळूहळू गेलं. त्यांनी वेणी पुरी केली, शेवटाला रिबिनीचं फूल बांधलं, त्या बाईला वर पाठवलं.

"घरात कोन-कोन हाय?" त्यांनी विचारलं.

बायकोने सांगितलं, आम्ही दोघं आणि कॉलेजला जाणारी मुलगी.

"मुलगी लग्न हून जाईल," त्या म्हणाल्या. "मग तुमी दोगं. मग एक जन." असं म्हणून त्यांनी बायकोचा हात धरला, तिला वाईट वाटू नये म्हणून. "रागावू नगंस पोरी. चांगल्या घरातच ऱ्हायले मी समद्या. कुनी वंगाळ न्हवतं. पर घरातलं मानूस गेलं की मला जावं लागतं. हितं परवा एक जन वारली, माज्या शेजारच्या पलंगावरची. मी रडले, जेवले, झोपले. मला कुनी ऊट म्हनलं न्हाय."

बायको रडू लागली. मी काय करावं न कळून पेटीसारखा उभा होतो. त्या माझ्याकडे वळल्या.

"येत जावा तुमी," त्या म्हणाल्या. "पर न्यायला येऊ नगा."

मी महिन्यातून एकदा जातो. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी नेतो, त्यांना आवडते. आम्ही थोडं बोलतो, बहुतेक पावसापाण्याचं. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. सुरुवातीला एक गोष्ट माझ्या लक्षात यायला वेळ लागला. मी फाटकातून आत शिरलो की त्या माझ्या तोंडाकडे बघायच्या नाहीत. आधी माझ्या खांद्यावरून मागे, रस्त्याकडे बघायच्या. बाहेर रिक्षा उभी आहे का, गाडी आहे का. काही नाही अशी खात्री पटल्यावरच त्यांचे खांदे सैल व्हायचे आणि त्या म्हणायच्या, "या, बसा."

म्हणून मी आता स्कूटर पलीकडच्या चौकातच लावतो आणि तिथून चालत जातो.